हेमिश आणि थोमादादाचा दगड

हेमिश खोटारडा होता. हे मी त्याच्या तोंडावर बोललोय, त्यामुळे मागे लिहायला मला लाज नाही. त्यानं गावाला फसवलं, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या म्हातारीला फसवलं, शाळेच्या पोरांना फसवलं, आणि ज्याच्याबरोबर रोज एका डब्यातलं खाल्लं त्या मलाही फसवलं. गेल्या फेब्रुवारीत हे कळलं. त्याच दिवसांत माझी शांता गेली होती. तेव्हा डोकं जे बधिर झालं ते अजून ताळ्यावर नाही, आणि त्यातलं किती तिच्यामुळं आणि किती त्याच्यामुळं, तेही मला निवडता येत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. शुद्धलेखन सुनेनं बघितलंय, बाकी सगळं माझं. गावाचं नाव मी लिहिणार नाही. स्कॉटलंडमध्ये आहे, एडिनबऱ्याच्या बरंच वर, नदीकाठी. एवढं पुरे. नाव का लिहीत नाही ते पुढं कळेल.

त्या नदीत फार वर्षांपूर्वी सोनं सापडलं होतं. कुणाला तरी रेतीत चार पिवळे कण दिसले आणि जगभरातून माणसं धावत आली. नदीकाठी ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या, दारूचं दुकान आलं, न्हावी आला. उन्हाळा बरा गेला. मग थंडी पडली. ही थंडी ज्यानं बघितली नाही त्याला सांगून कळायची नाही. ओल्या कपड्यांत झोपून झोपून माणसं खोकत मेली. सोनं एवढुसं निघालं आणि कबरी ढीगभर झाल्या. उरलेले लोक निघून गेले. झोपड्या गेल्या, दुकान गेलं, गाव बारकं झालं. राहिलं काय, तर वरच्या उतारावरचं जुनं कबरस्तान आणि त्यात सोनेवाल्यांच्या दगडांची एक रांग.

त्या कबरस्तानाचा राखणदार हेमिश. आणि त्याच्या हाताखाली गवत कापणारा मी.

मी तिथं कसा पोचलो? बायकोच्या मागून. शांता मिरजेला नर्सिंग शिकली. तिला इथल्या छोट्या हॉस्पिटलात नोकरी लागली. मी मिरजेत वखारीत लाकडं फोडायचो. गावाकडं लोक हसले, म्हणाले, शमुवेल बायकोच्या पदराला धरून विलायतेला चालला. चाललो. कौन्सिलनं मला कबरस्तानात कामाला लावलं.

पहिल्या दिवशी हेमिश दारातच उभा होता. ताडासारखा उंच, लाल कान, डोक्यावर कापडी टोपी, तोंडात न पेटवलेला पाइप. तो पाइप त्यानं कधीच पेटवला नाही. डॉक्टरनं तंबाखू बंद केली होती, पाइप बंद कर असं म्हटलं नव्हतं, हे त्याचं उत्तर.

"हात दाखव," म्हणाला.

मी दाखवले. वखारीचे घट्टे त्यानं बोटानं दाबून बघितले.

"नाव?"

"शमुवेल साळवे."

"सॅम. ख्रिस्ती आहेस?"

"हो."

"नसतास तरी चाललं असतं. इथल्या लोकांची अजून एकही तक्रार आलेली नाही." पाइपनं त्यानं कबरींकडं दाखवलं. "घाई करायची नाही, एवढंच. मेलेल्यांना घाई नसते. घाई असते ती कौन्सिलला."

आत शिरताना सोनेवाल्यांची रांग लागते. मी आपला टोपी काढून उभा राहिलो, आमच्याकडं उभे राहतात तसा. हेमिशनं स्वतःची टोपी काढली नाही. पुढं रोज मी तिथं टोपी काढायचो आणि तो रोज दुसरीकडं बघायचा. मला वाटायचं, रोजचंच झालंय त्याला.

त्याच्याकडं एक लांब लोखंडी सळई होती. कबर खणायच्या आधी तो ती जमिनीत रोवायचा. जिथं पूर्वी खणलेलं असतं तिथं सळई लोण्यात गेल्यासारखी जाते. जिथं कुणी हात लावलेला नाही तिथं थोडं खाली गेलं की चिकणमातीचा कडक थर लागतो आणि ती ठणकन थांबते. हिवाळ्यात मात्र ती वरच थांबायची. मग हेमिश भिंतीपाशी जाऊन खालच्या गावाकडं तोंड करायचा आणि ओरडायचा, "आज कुणी मरू नका रे बाबांनो! जमीन दगड झालीय!"

खालून खाटीक दुकानाच्या दारातून ओरडायचा, "प्रयत्न करतो, हेमिश!"

असा तो माणूस. लोकांना त्याचं भारी कौतुक.

त्याच्या कामाच्या तऱ्हा निराळ्या. कबरीवरचं गवत तो चटईसारखं कापून काढायचा, गवताला गवत लावून गुंडाळी करायचा, आणि माती लोटून झाली की परत अंथरायचा. आठवड्यात सांधा दिसायचा नाही. नातेवाईक येण्याआधी खड्ड्याच्या कडा हातानं चोपायचा. पाळकाचं बोलणं सुरू झालं की फावडं घेऊन भिंतीपलीकडं जाऊन उभा राहायचा. खणणाऱ्यानं रडणाऱ्यांत मिसळायचं नाही, असा त्याच्या मामाचा नेम, आणि कबरस्तान त्याला मामाकडून आलेलं. सगळे गेले की मग बाहेर यायचा. कधी कुणाच्या कबरीवर त्यानं स्वतःच्या हातानं मूठभर माती टाकलेली मी बघितली नाही. फावड्यानं टाकायचा, ती वेगळी.

आणि एक तऱ्हा होती. कबरस्तानात मोकळं गवत चार-पाच ठिकाणी आहे. त्यातल्या एका पट्ट्यावर तो मला जाऊ द्यायचा नाही. "तिथं पाय टाकू नको, सॅम. नवं बी पेरलंय." मशीन तर अजिबात नाही. तिथलं गवत तो स्वतः कापायचा, तेही लांब दांड्याच्या जुन्या विळ्यानं, कडेकडेनं, आजारी माणसाची दाढी करावी तसं. पुढच्या वर्षी विचारलं तर, नवं बी पेरलंय. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. शांताला मी सांगायचो, हा माणूस कबरी बऱ्या खणतो, पण बियांतलं याला काही कळत नाही. हिरवंगार गवत उगवलंय आणि याचं आपलं पेरणंच चाललंय.

ती म्हणायची, "अहो, पेरू द्या ना. तुमच्या खिशातून जातंय का?"

उन्हाळ्यात टूरिस्ट यायचे. आमच्याकडं सराफकट्ट्यावर झारेकरी असतात, सोनारांच्या दारातली गटारातली माती धुऊन सोन्याचा कण शोधणारे गरीब लोक. इथं तेच काम साहेब लोक सुट्टी काढून, गुडघ्याएवढे बूट घालून, हौसेनं करतात. दिवसभर नदीत उकिडवे बसून थाळ्यात रेती घोळवायची आणि संध्याकाळी वर येऊन सोनेवाल्यांच्या दगडांचे फोटो काढायचे. हेमिश त्यांना गोष्टी सांगायचा. हा खलाशी होता, हा पळून आलेला कारकून, हा लग्नाच्या अंगठीपुरतं सोनं मिळालं की परत जाणार होता. बायका डोळे पुसायच्या. गावानं त्या रांगेचं चित्र टॉवेलवर छापलं, कपावर छापलं. शाळेची पोरं वर्षातून एकदा फुलं घेऊन यायची.

रांगेतला तिसरा दगड थॉमस नावाच्या माणसाचा. एकदा ऑस्ट्रेलियाहून एक म्हातारी आली. थॉमस तिच्या आजोबांचा भाऊ. ती दगडाला हात लावून खूप रडली. हेमिशचे कान नेहमीपेक्षा लाल झाले होते. जाताना तिनं पर्समधून एक छोटी डबी काढली आणि म्हणाली, "इथली चिमूटभर माती नेऊ का?" आणि खाली वाकली.

"थांबा!" हेमिश एवढ्यानं ओरडला की मीच दचकलो. "ही ओली आहे. डबीला बुरशी लागेल. चांगली माती आणून देतो."

डबी घेऊन तो भराभर चालत गेला. झाडांमागं दिसेनासा झाला. बऱ्याच वेळानं माती घेऊन आला. तिच्या हातात डबी देताना त्यानं टोपी काढली होती.

ती गेल्यावर मी हसलो. "माती ती माती. एवढ्या लांब कशाला गेलास?"

"तू गवत काप," म्हणाला.

शांताचं आणि त्याचं वेगळंच होतं. ती त्याला इंजेक्शन द्यायची आणि हा एवढा मोठा गडी सुई बघून डोळे मिटायचा. ती त्याला हेमिशभाऊ म्हणायची. भाऊ म्हणजे काय ते कळल्यावर त्यानं तिला तसं म्हणूच दिलं. मी घरून शेंगदाण्याची चटणी न्यायचो, ती तो लोणी लावलेल्या टोस्टवर पसरून खायचा आणि म्हणायचा, "सॅम, तुझी बायको तुझ्यावर वाया गेली."

दुपारची ड्यूटी संपली की शांता चढ चढून वर यायची, माझं काम होईपर्यंत बाकावर बसायची. बाक तिसऱ्या दगडासमोरच. संत्रं सोलायची आणि दगडाशी बोलायची. खरंच. मराठीत. थॉमसचा तिनं थोमादादा केला होता.

"काय थोमादादा, गारठलात का? आज आमच्याकडं एक बाळ आलं बघा, नऊ पौंडाचं. आईची पार दमछाक केली त्यानं."

मी म्हणायचो, "अगं, त्याला मराठी येतं का?"

"परमुलखात मेलेला माणूस आहे. त्याला कुठलीही भाषा आपलीच वाटंल."

आमचा विनय वॉटफर्डला गेला, लग्न झालं, आम्ही दोघंच राहिलो. मी रिटायर झालो, हेमिश झाला, पण तिघंही वर जायचं काही बंद झालं नाही. हेमिश टूरिस्टांना गोष्टी सांगायचा, शांता थोमादादाला. ती मला सरळ बोलली होती, "मला इथं ठेवा हं. या दादाच्या शेजारी. तो पण एकटा आलेला, मी पण एकटी आले होते. तुम्ही मागून आलात."

फेब्रुवारीत ती गेली. सकाळी चहा ठेवायला उठली आणि गॅसपाशीच खाली बसली. मी हाक मारली तर "अहो" एवढं म्हणाली. एवढंच. चहा उतू गेला तो मी बघत राहिलो. गॅस बंद करायचं सुचलं नाही. शेवटी शेजारणीनं येऊन केला.

हेमिश काठी टेकत आला. थंडी एवढी होती की नदी कडेनं गोठली होती. त्यानं शांताच्या चेहऱ्याकडं बघितलं, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "असल्या दिवसांत मरू नका म्हणून मी जन्मभर ओरडलो. हिनं माझं कधी ऐकलंच नाही."

विनय गाडी चालवत आला. मी त्याला आईचं म्हणणं सांगितलं. त्यानं कौन्सिलला फोन लावला.

"पप्पा, तो जागा फुल आहे. ओल्ड सेमेटरी क्लोज्ड आहे. नवा सेमेटरी आहे ना, हायवेच्या बाजूला."

"तिथं लॉऱ्या जातात."

"मग क्रिमेशन करू. ॲशेस आपण वॉटफर्डला नेऊ. मम्मी आपल्या जवळ राहील. प्लीज, प्रॅक्टिकल व्हा."

पोराचं चुकलं नव्हतं. पण मला ते ऐकवेना. शांता तिकडं हॉस्पिटलच्या थंड खोलीत आणि आम्ही इकडं तिच्या जागेवरून वाद घालतोय. हेमिश कोपऱ्यात बसला होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण विनयच्या फोनचं इंग्रजी त्यानं ऐकलं होतं.

"जागा आहे," तो म्हणाला.

"कुठं?"

"तिसऱ्या दगडाखाली."

मी म्हटलं, "तिथं थॉमस आहे."

"नाही," हेमिश म्हणाला. "तिथं कुणी नाही. त्या रांगेत कुणीच नाही, सॅम."

विनय माझ्याकडं बघायला लागला. त्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मला पण तेच वाटलं. मग हेमिशनं सगळं सांगितलं. पाइप हातात फिरवत, खाली बघत.

मामाकडून काम घेतल्यावरची गोष्ट. तेव्हा तिथं कंबरभर नेचे माजले होते आणि वर कुणी फिरकत नव्हतं. गावात बोलवा होती की एका सोनेवाल्याला त्याच्या कोटासकट पुरलंय आणि कोटाच्या अस्तरात सोन्याचा खडा शिवलाय. खरं-खोटं देव जाणे. एके दिवशी हेमिश कामावर गेला तर दोन कबरी उकरलेल्या. हाडं गवतात विखुरलेली. एकाचा जबडा मोडलेला. सोन्याचा दात असेल म्हणून.

"मी बटाट्याच्या पोत्यात माणसं गोळा केली, सॅम," तो म्हणाला. "कुणाचं काय ते मला कळत नव्हतं."

त्यानं त्यांना होतं तिथंच परत पुरलं. त्या वर्षी नदीला पूर आला, कबरस्तानाची खालची भिंत पडली. भिंत बांधायच्या निमित्तानं आणि बर्फामुळं वर कुणी येत नव्हतं त्याचा फायदा घेऊन, हेमिशनं आणि त्याच्या बायकोनं सगळे दगड उपटले आणि दारापाशी, कोऱ्या जमिनीवर, रांगेनं लावले. ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, पुरानं कलंडले होते, सरळ केले. पुढं चोर परत आले. त्यांनी रांगेतल्या पहिल्या दोन दगडांखाली उकरलं. हाताला चिकणमाती लागली. मग ती बोलवा मेली.

"आणि खरे कुठं आहेत?" विनयनं विचारलं.

हेमिशनं मान हलवली. "ते नाही सांगणार."

मी मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकलो होतो. मला दुसरं काही सुचेना. मी म्हणालो, "खोटारड्या. ती इतकी वर्षं तिथं बसून बोलली. कुणाशी बोलली? तू बघत होतास. एकदा तरी तोंड उघडायचं!"

त्याची बायको केव्हाच वारली होती, त्याला मूल नव्हतं. तो माझ्याकडं बघत म्हणाला, "मी ऐकायचो ना. भिंतीपलीकडं उभा राहून. भाषा कळत नव्हती. पण एक दिवस चुकवला नाही."

मी उठून संडासात गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

कौन्सिलची बाई दुसऱ्या दिवशी कबरस्तानात आली. तरुण, नीटनेटकी, गळ्यात ओळखपत्र. तिनं मला सॉरी म्हटलं, मनापासून म्हटलं. मग म्हणाली, "पण ही ऐतिहासिक जागा आहे. इथं खणता येणार नाही. इथं इतिहास आहे."

"इतिहास इथं नाहीय बाई," हेमिश म्हणाला. "मी तो हलवला."

ती हसली. त्यानं मला सळई आणायला लावली. वरचा गोठलेला पापुद्रा मी कुदळीनं फोडला. हेमिशच्या अंगात जोर नव्हता म्हणून सळई पण मीच रोवली, तिसऱ्या दगडासमोर. मला मनातून वाटत होतं, खाली जाऊ दे. लोण्यात गेल्यासारखी जाऊ दे. थोमादादा असू दे तिथं.

ठण. थांबली.

इकडं रोवली, तिकडं रोवली. ठण. ठण. ज्या मातीसमोर मी अख्खी नोकरी टोपी काढली तिला त्या दिवसापर्यंत कुदळच कधी लागलेली नव्हती. बाईचा चेहरा पांढरा पडला. पुढं त्यांनी जमिनीखालचं बघणारं यंत्र आणलं, गवत कापायच्या मशीनसारखं ढकलत फिरवलं. स्क्रीनवर एकही कबर उमटली नाही.

गाव हादरलं. मी हे गाव बर्फात बघितलंय, पुरात बघितलंय, पण असं बघितलं नव्हतं. शाळेची हेडबाई रस्त्यात उभी राहून रडली, म्हणाली, पोरांना आता काय सांगू. दुकानदारानं कप आणि टॉवेल खिडकीतून काढले. पबमध्ये हेमिशचा मग वर्षानुवर्षं एका खिळ्याला टांगलेला असायचा, तो कुणीतरी काढून त्याच्या दारात ठेवला. आणि खाटीक, जो रोज खालून ओरडून उत्तर द्यायचा, त्यानं हेमिशला बघून दुकानाचं दार लावून घेतलं. मी समोरच होतो. हेमिशनं त्या दाराकडं बघितलं. मग मला म्हणाला, "मटण महागच झालं होतं."

कौन्सिलची बाई त्याच्या घरी दोनदा गेली. खरी जागा सांगा, म्हणाली. आम्ही तिथं चांगली फरशी घालू, पाटी लावू, दगड परत सन्मानानं बसवू. तो म्हणाला, "पाटी लावलीत की नदीतले थाळीवाले वर येतील." ती म्हणाली, आता काळ बदललाय, आता कोण कबरी उकरतंय? हेमिशनं खिडकीतून नदीकडं बोट केलं. त्या थंडीतसुद्धा दोघं जण पाण्यात उकिडवे बसले होते. एकाच्या कानाला जमिनीतला धातू शोधायच्या यंत्राचे हेडफोन लावलेले होते.

बाईनं खिडकीतून बघितलं आणि उठली. पण एक मानलं पाहिजे, ती माणूस होती. कोरी जमीन सिद्धच झाली होती, तिनं वर सांगून शांतासाठी परवानगी काढली. त्यासाठी हेमिशला, मी इतकी वर्षं खोटं बोललो, असं चारचौघांत, हॉलमध्ये उभं राहून सांगावं लागलं. त्यानं सांगितलं. टोपी हातात धरून. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मी विचारलं.

घरी येताना मी म्हटलं, "हेमिश, तुझं नाव गेलं की रे सगळं."

"मला माझ्या नावाचा दगड नकोच आहे," म्हणाला. "दगडांचं काय होतं ते मी बघितलंय."

माटीच्या, म्हणजे शांताला पुरायच्या, दिवशी बर्फ नव्हता, पण गवतावर दव गोठून सगळं पांढरं झालं होतं. थोमादादाचा दगड भिंतीला टेकवून ठेवला होता. वॉटफर्डहून विनयची बायको आणि मुलं आली होती. हॉस्पिटलच्या जुन्या नर्सेस आल्या. गावातले थोडे आले, ते शांतासाठी, आणि हेमिशपासून लांब उभे राहिले. खणणारा नवा पोरगा होता, मशीन घेऊन आलेला. मला वाटलं कडा चोपल्या नसतील. जवळ गेलो तर चोपलेल्या होत्या. कुणी चोपल्या ते मला विचारायची गरज नव्हती, हेमिशच्या कोटाच्या बाह्यांना कोपरापर्यंत चिखल होता.

पाळकानं प्रार्थना केली. आम्ही आमचं मराठी गाणं म्हटलं, नातवंडांनी जमेल तसं. पेटी खाली गेली. विनय म्हणाला, "पप्पा, माती." मी मूठ भरली. माती बर्फासारखी गार. टाकली. विनयनं टाकली, मुलांनी टाकली. मी सवयीनं भिंतीकडं बघितलं. हेमिश तिथंच होता, पलीकडं, फावड्याऐवजी काठी घेऊन.

मी हाक मारली. "हेमिश. ये."

त्यानं मान हलवली.

"ती तुला भाऊ म्हणायची. भावानं माती द्यायची असते. आमच्यात तशी रीत आहे. ये मुकाट्यानं."

आला. गुडघ्यावर बसता येत नव्हतं, मी धरलं. त्यानं मूठ भरली आणि किती तरी वेळ उघडलीच नाही. शेवटी मी त्याची बोटं उघडली.

तो पुढं एप्रिलमध्ये गेला. निमोनिया झाला, हॉस्पिटलात हलवलं, मला कळेपर्यंत संपलं होतं. त्याला हायवेच्या बाजूच्या नव्या कबरस्तानात ठेवलंय. लॉऱ्या जातात तिथं. चार माणसं होती. पण तो मला तिथला आठवत नाही. मला तो दिसतो शांताच्या माटीच्या दिवशी, सगळं उरकल्यावर.

लोक गाडीकडं निघाले होते. हेमिशला धाप लागली होती, ओठ निळे पडले होते. विनयनं त्याचा दंड धरला. गाडी समोरच होती, मधे नुसतं मोकळं गवत.

"अंकल, इकडून सरळ चला. जवळ पडेल."

हेमिशनं दंड सोडवला. थांबला. त्याला उभं राहणंही जड जात होतं.

"नाही रे बाबा," म्हणाला. "तिथं पाय टाकू नको. नवं बी पेरलंय."

फेब्रुवारीत. जमीन दगड झालेली, गवताचं पातं न् पातं गोठलेलं.

विनय माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "पप्पा, अंकल थोडा कन्फ्यूज झालाय."

तो पट्टा, तो विळा, ती म्हातारीची डबी, त्या वेळी काढलेली टोपी, सगळं एका क्षणात माझ्या अंगावर आलं. हेमिश कडेकडेनं चालत निघाला होता, काठी टेकत, दर चार पावलांवर थांबत, सगळा वळसा घालून. गाडीपाशी उभे असलेले लोक बघत होते, म्हातारा एवढा लांबून कशाला येतोय म्हणून. मधेच एका जागी थांबून त्यानं टोपी काढली, धाप आवरली आणि परत घातली.

कुठल्या बाजूनं कुठं, ते मी लिहिणार नाही. वर झाडं, भिंत, दार जे काही लिहिलंय त्यात मी मुद्दाम इकडचं तिकडं केलंय. कौन्सिलच्या बाईला सांगितलेलं नाही, विनयला नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही.

विनयला मी म्हटलं, "चल, लांबून जाऊ." मी टोपी काढली आणि हेमिशच्या मागं निघालो.